बागेतून रानात उतरलेली परकी तणे : खानापूर-बेळगाव भागात काम सुरू करणाऱ्यांसाठी

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीकडे किंवा खानापूरहून लोंढ्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी हिरवी दाटी दिसते, तिच्यातला बराच भाग या मातीतला नाही. घाणेरी, रानमोडी, बेशरम, नारिंगी कॉसमॉस आणि तळ्यांतली जलपर्णी ही सारी परदेशांतून आली आहेत, आणि त्यांतील बहुतेक कोणी ना कोणी शोभेसाठी किंवा कुंपणासाठी मुद्दाम लावलेली होती. कुंपणाबाहेर पडल्यावर त्यांना येथे ना खाणारे जनावर भेटले, ना पोखरणारी कीड, त्यामुळे करवंद, कारवी, धायटी आणि चाऱ्याचे गवत जिथे उगवायचे ती जागा त्यांनी व्यापली.

आमच्या गावच्या गटाने गायरानाचा एक तुकडा, ओढ्याचा काठ आणि गावतळे मोकळे करण्याचे काम केले आहे आणि ते अजून चालू आहे. सुरुवातीला कोणाकडे अर्ज करायचा, कोणत्या महिन्यात काय उपटायचे, उपटलेला ढीग कुठे न्यायचा याची माहिती आम्हाला तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागली. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून ती येथे क्रमाने लिहीत आहे. एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे : उपटण्याचे काम थोडे असते आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा परतण्याचे काम फार असते. शंभर जणांचे एक दिवसाचे शिबिर घेण्याची ताकद असेल, पण पुढची तीन वर्षे तीच जागा पाहणारी पाच माणसे नसतील, तर जागा लहान निवडावी.

१. ओळख पक्की करावी

घाणेरी, म्हणजेच टणटणी, सर्वांना ठाऊक आहे असे वाटते, तरीही नवख्या माणसाने खुणा नीट पाहून घ्याव्यात. खोड चौकोनी आणि बारीक काट्यांचे, पाने खरबरीत व उग्र वासाची, एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी, गुलाबी फुले आणि पिकल्यावर काळी पडणारी मण्यांएवढी फळे. मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली. बुलबुलासारखे पक्षी तिची फळे आवडीने खातात आणि ज्या झाडावर बसतात त्याच्याखाली बी टाकतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील वाघांचा वावर असलेल्या वनक्षेत्रापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भागाला, म्हणजे सुमारे दीड लाख चौरस किलोमीटरला, एकट्या घाणेरीचा धोका आहे. तिची पाने गुरांच्या पोटात गेल्यास यकृत बिघडते, कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलवटते.

रानमोडी ओळखायची ती पानावरून. समोरासमोर आलेली, काहीशी त्रिकोणी, दातेरी पाने, देठापाशी फुटणाऱ्या तीन ठळक शिरा आणि चुरगळल्यावर येणारा उग्र वास. दिवाळीच्या सुमारास तिला पांढरट, फिकट जांभळी केसाळ फुले येतात आणि पुढे हजारो हलक्या बिया वाऱ्यावर जातात. उन्हाळ्यात वाळलेली रानमोडी झटकन पेट घेते, वणवा पुढे सरकवते, आणि पहिल्या पावसात तिचेच बुंधे सर्वांच्या आधी फुटतात.

वेडेलियाकडे मात्र अजून फारसे कोणाचे लक्ष नाही, आणि माझ्या मते बागा असलेल्या बेळगावकरांनी सर्वाधिक काळजी हिचीच घ्यावी. पिवळ्या फुलांची, चकचकीत हिरव्या पानांची ही सरपटणारी वेल हिरवळीऐवजी लावण्यासाठी रोपवाटिकांत विकली जाते. तिला पाणी घातले नाही तरी चालते, म्हणून बंगल्यांच्या आवारात, कार्यालयांसमोर आणि रस्ता दुभाजकांत ती लावली जाते. प्रत्येक पेरापाशी मुळे फुटत असल्यामुळे छाटणीचा एक तुकडा ओढ्यात पडला तरी खालच्या काठावर नवे गालिचे तयार होतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भातखाचरांच्या कडेला आढळणारा पिवळा माका हा आपला देशी आणि औषधी आहे, तिचाच भाऊबंद आहे आणि दिसायलाही जवळचा आहे. माक्याचे पान लांबट व साधे असते, तर वेडेलियाच्या पानाला बहुधा तीन टोके असतात.

जलपर्णीचे देठ फुगीर, आत हवा भरलेले असतात आणि ती तरंगते. भाताच्या चिखलात मुळे रोवून उभी राहणारी निळ्या फुलांची देशी पाणवनस्पती वेगळी, ती उपटू नये. बेशरम, म्हणजे फिकट जांभळ्या घंटेसारख्या फुलांचे उंच झुडूप, तळ्यांच्या आणि कालव्यांच्या काठी दिसते. ते शेळ्यांना विषारी आहे आणि खोडाचा तुकडा ओल्या मातीत पडला की रुजते. मूळचे मेक्सिकोचे नारिंगी कॉसमॉस गणपतीनंतर माळांवर इतके सुंदर दिसते की लोक त्याचे बी गोळा करून गावोगाव वाटतात. हे थांबले पाहिजे.

काँग्रेस गवत बागेतून आलेले नाही, परंतु साफ केलेल्या जागेवर सर्वांत आधी तेच उगवते, म्हणून त्याचाही विचार पुढे केला आहे.

परदेशातून आलेली प्रत्येक वनस्पती शत्रू नसते. मिरची, काजू, पेरू, झेंडू ही सगळी बाहेरचीच आहेत. जी माणसाच्या मदतीशिवाय रानात शिरते आणि तेथील इतरांना उगवू देत नाही, तिच्यापुरतेच हे काम मर्यादित ठेवावे. ओळखीत शंका राहिली तर फुलासह फांदी घेऊन तालुक्यातील महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा मत्तिकोप्प येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी. ओळख पटेपर्यंत हात लावू नये.

२. पहिली साफसफाई स्वतःच्या आवारात

खानापूर तालुक्याच्या भूगोलाकडे पाहिले की घरची बाग आणि रान यांचे नाते लक्षात येते. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा खानापूरवरून पूर्वेकडे जाते आणि सौंदत्तीजवळच्या धरणातून पुढे कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेकडे गोव्यात उतरते. म्हणजे येथील एखाद्या ओढ्यात टाकलेली छाटणी कोठे टाकली त्यानुसार यल्लम्माच्या डोंगराकडे तरी जाते किंवा समुद्राकडे तरी. बागेतला कचरा गाडीत भरून घाटरस्त्याच्या कडेला किंवा नाल्यात ओतण्याची सवय ज्या घरांत आहे, ती घरे रानात तण लावण्याचेच काम करीत आहेत.

आवारातील वेडेलिया, बेशरमाचे कुंपण आणि हौदातली जलपर्णी आधी काढावी. ठेंगण्या शोभेच्या घाणेरीला फळ धरत नाही असे रोपवाटिकेत सांगितले जाते, पण त्या झुडपावर एक जरी काळे फळ दिसले तर ते काढून टाकणेच योग्य. कुंपणासाठी करवंद, निर्गुडी, अडुळसा किंवा सागरगोटा लावता येतो. फुलांसाठी अबोली आणि कोरांटी आहेत, पावसाळ्यात गौरीच्या सणाला लागणारा तेरडा आहे, आणि मांडवावर चढवायला रानातली कुसर आहे.

३. जागा कोणाची, हे ठरवूनच परवानगी घ्यावी

या पायरीवर बहुतेक गट अडखळतात. तण काढणे हे पुण्यकर्म असल्यामुळे त्याला कोणाची परवानगी लागत नाही, अशी समजूत सर्वत्र आहे. ती चुकीची आहे आणि अंगाशी येऊ शकते.

खाजगी शेत किंवा माळ असेल तर मालकाची लेखी संमती आणि उताऱ्याची, म्हणजे येथील आरटीसीची, प्रत पुरते. गायरान, गावठाण आणि पाणंदीसाठी ग्रामपंचायतीचा ठराव घ्यावा. त्यासाठी पंचायत विकास अधिकारी, ज्यांना सगळे पीडीओ म्हणतात, त्यांच्याकडे अर्ज द्यावा. तळे पंचायतीच्या ताब्यात आहे की लघु पाटबंधारे खात्याच्या, हे आधी विचारून घ्यावे, कारण दोन कार्यालयांत एकच अर्ज फिरत राहिला तर हंगाम निघून जातो. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे अपेक्षित आहे. तुमच्या गावात ती कागदावर असेल तर तिला या निमित्ताने कामाला लावता येते, आणि गावाच्या जैवविविधता नोंदवहीत या परक्या वनस्पतींची नोंदही करून घेता येते.

राखीव जंगलात परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. भीमगड अभयारण्याच्या बाबतीत तर अधिक कडक नियम आहेत. खानापूर तालुक्यातील सुमारे १९० चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राला २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या २९ व्या कलमाप्रमाणे अभयारण्यातून कोणतेही वनोत्पादन परवान्याशिवाय काढता येत नाही, मग ते तण का असेना. तेथे स्वतंत्र मोहीम आखण्याऐवजी वनखात्याच्या स्वतःच्या कामात स्वयंसेवक म्हणून सहभागी होण्याची विनंती करावी. वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या दुरुस्तीने परक्या आक्रमक प्रजातींची आयात, विक्री, बाळगणे आणि प्रसार यांवर नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. अर्जात या तरतुदीचा उल्लेख केल्यास विषयाचे गांभीर्य लक्षात येते.

अर्जासोबत पुढील कागद जोडलेले असावेत :

- जागेचा सर्व्हे नंबर आणि हाताने काढलेला साधा नकाशा, ज्यात ओढा, वाट आणि विहीर दाखवलेली असेल
- मोबाइलमधील जीपीएस कॅमेऱ्याने काढलेली छायाचित्रे
- काढायच्या वनस्पतींची यादी, स्थानिक आणि शास्त्रीय नावांसह (उदाहरणार्थ घाणेरी : लँटाना कॅमारा, रानमोडी : क्रोमोलिना ओडोरॅटा, वेडेलिया : स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा)
- पंचायतीच्या ठरावाची किंवा मालकाच्या संमतीची प्रत
- सहभागी व्यक्तींची नावे आणि ओळखपत्रांच्या प्रती
- कामाचे दिवस, हत्यारे आणि काढलेल्या ढिगाची विल्हेवाट यांचा एक पानी आराखडा

शास्त्रीय नाव देण्याचे कारण असे की येथे एकाच झाडाला मराठीत, कन्नडमध्ये आणि कोकणीत निरनिराळी नावे आहेत, आणि कागदावर घोटाळा झाला तर नको ते झाड तुटते. कार्यालयीन कामकाज कन्नडमध्ये चालत असल्यामुळे अर्ज कन्नडमध्ये द्यावा. गावातील शिक्षक किंवा महाविद्यालयात शिकणारी मुले तो सहज लिहून देतात. अर्ज दिल्यावर पोच घ्यावी, तारखेचा शिक्का पाहावा, आणि काम सुरू करण्याच्या किमान दोन महिने आधी ही सगळी धावपळ संपवावी.

४. हंगाम

रोप लावणी उरकून माणसे मोकळी होतात आणि जमीन अजून मऊ असते, तो श्रावण-भाद्रपदाचा काळ उपटण्यासाठी सर्वांत चांगला. रानमोडी फुलण्याच्या आधी, म्हणजे ऑक्टोबर संपण्यापूर्वी, निघालीच पाहिजे. काँग्रेस गवत पांढरी फुले दिसण्याआधी काढावे, कॉसमॉस कळीत असताना. जलपर्णीसाठी मात्र उलट, मार्च ते मे हे महिने चांगले, कारण पाणी आटल्यामुळे क्षेत्र लहान झालेले असते. घाणेरी वर्षभर फुलते. तिला उन्हाळ्यात हात लावायचा असेल तर आधी झुडपात पक्ष्यांची घरटी आहेत का ते पाहावे, आणि असल्यास ते झुडूप पावसाळ्यापर्यंत सोडून द्यावे.

५. साहित्य

कुदळ, टिकाव, पहार, लांब दांड्याचा कोयता, खुरपे, दाताळे, जाड हातमोजे, गमबूट, ताडपत्री आणि सिमेंटची रिकामी पोती. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. घाणेरीच्या जाळीत घोणस किंवा फुरसे असण्याची शक्यता गृहीत धरून आधी लांब काठीने जाळी हलवावी. जंगलालगतच्या जागी पहाटे आणि सायंकाळी काम करू नये, कारण अस्वले आणि गवे याच वेळी फिरतात. काँग्रेस गवताने ज्यांच्या अंगाला खाज सुटते किंवा ज्यांना दमा आहे, त्यांना त्या दिवशी नोंदी ठेवण्याचे काम द्यावे.

६. प्रत्यक्ष काढण्याची पद्धत

घाणेरी कोयत्याने वरवर छाटणे म्हणजे तिची मशागत करणे होय. छाटलेल्या प्रत्येक बुंध्यातून दुसऱ्या वर्षी अनेक फांद्या येतात. दिल्लीतील शास्त्रज्ञ प्रा. सी. आर. बाबू यांनी पुढे आणलेली पद्धत सोपी आहे आणि तीच वापरावी. नवे फुटवे खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या गाठीसारख्या भागातून येतात. म्हणून कुदळीने बुंध्याभोवतीची माती सैल करून, जमिनीखाली तीन ते पाच सेंटीमीटरवर मुख्य मूळ तोडावे, संपूर्ण झुडूप उचलावे आणि मुळे आकाशाकडे करून उलटे ठेवावे. सगळी मुळे खणून काढण्याची गरज नाही आणि ती काढूही नयेत, कारण उतारावर तेवढी माती मोकळी केली की पुढच्या सरीत ती ओढ्यात जाते. जेसीबी लावण्याचा मोह याच कारणाने टाळावा. शिवाय त्याच्या चाकांना आणि बकेटला चिकटलेल्या मातीतून एका गावचे बी दुसऱ्या गावी जाते.

फळे लागलेली घाणेरी असेल तर झुडपाखाली ताडपत्री पसरून, फळांचे गुच्छ आधी पोत्यात भरून, मगच मूळ तोडावे.

रानमोडीची लहान रोपे हाताने निघतात. जुन्या झुडपाचा बुंधा टिकावाने मुळासकट काढावा लागतो. एका रेषेत उभे राहून चढाकडून उताराकडे यावे, म्हणजे सुटलेली रोपे मागे राहत नाहीत.

वेडेलिया घाईने ओढू नये. ओढली की वेल पेरापाशी तुटते आणि मुळे मातीत राहतात. जमीन ओली असताना कडेकडून, दाताळ्याने सैल करत, चटईप्रमाणे गुंडाळत आत जावे, आणि शेवटी खुरप्याने उरलेले तुकडे एकेक वेचावेत. हे कंटाळवाणे काम आहे आणि त्याला पर्याय नाही. ओढ्याच्या काठी काम करताना खालच्या बाजूला जुनी मच्छरदाणी आडवी बांधावी, म्हणजे सुटलेले तुकडे वाहून जाणार नाहीत. बेशरमालाही हाच नियम.

जलपर्णी अनुकूल पाण्यात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते, म्हणून तळे अर्धे साफ करून उरलेले पुढच्या महिन्यावर टाकले तर केलेले श्रम वाया जातात. बांबूचा तरंगता अडसर करून तळ्याचे भाग पाडावेत आणि एकेक भाग पूर्ण करूनच पुढे जावे. गाळात पडलेले तिचे बी पंधरा-वीस वर्षे जिवंत राहते. त्यामुळे साफ झालेल्या तळ्यावरही नजर ठेवावी लागते. ज्याला पोहता येत नाही त्याने पाण्यात उतरू नये.

तणनाशकाबद्दल नेहमी विचारले जाते. ओढा, तळे, विहीर आणि गुरांची वाट यांच्या जवळ त्याचा वापर करू नये असे माझे ठाम मत आहे, कारण गाव तेच पाणी पिते. शिवाय ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर परवानाधारक कीड नियंत्रकांमार्फतच व्हावा असे बंधन केंद्र सरकारने २०२२ साली घातले आहे. शेतातल्या वापराविषयी होबळीच्या, म्हणजे तालुक्यातील महसुली विभागाच्या, रैत संपर्क केंद्रातून (कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रातून) सल्ला घ्यावा, दुकानदाराकडून नाही.

पावसाळ्यात काँग्रेस गवतावर पांढरट अंगावर काळ्या नागमोडी रेषा असलेले लहान भुंगेरे दिसतील. ते मेक्सिकोहून आणून १९८४ साली बेंगळुरू येथे मुद्दाम सोडलेले आहेत आणि हेच गवत खाऊन जगतात. त्यांना कीड समजून मारू नये, आणि ज्या पट्ट्यात ते भरपूर आहेत तेथील गवत त्यांच्यासाठी राहू द्यावे.

७. काढलेल्या ढिगाचे काय करावे

पेटवू नये. उभे झुडूप पेटवल्याने मूळ मरत नाही, शेजारचे गवत व करवंदे मात्र मरतात, आणि वारा फिरला तर जंगल पेटते, जो गुन्हा आहे.

फळे नसलेली घाणेरी वाळवून सरपणाला किंवा काटेरी कुंपणाला चालते. तिच्या काठ्यांपासून फर्निचरही होते आणि कर्नाटकातच मले महादेश्वर डोंगरातील सोलिग समाजातील कारागीर ते करतात. परंतु विक्रीसाठी म्हणून ती वाढू देण्याची वेळ कधीच येऊ नये. बिया व फळे असलेला माल पोत्यात बांधून उन्हात पूर्ण कुजवावा, उकिरड्यात टाकू नये, कारण तेथून तो शेणखताबरोबर थेट शेतात पोहोचतो. वेडेलिया आणि बेशरम काँक्रीटवर किंवा ताडपत्रीवर कुरकुरीत होईपर्यंत वाळवावीत. जलपर्णी पाण्यापासून दूर, उताराच्या उलट बाजूला पसरून निथळू द्यावी, मग शेणात मिसळून खत करावे. तळ्यात कारखान्याचे किंवा गटाराचे पाणी येत असेल तर ते खत भाजीपाल्याला घालू नये, कारण ही वनस्पती पाण्यातले जड धातू शोषून घेते. घाणेरी आणि बेशरमाचे ढीग गुरे-शेळ्यांच्या तोंडी लागणार नाहीत असे ठेवावेत.

८. मोकळी जागा भरणे आणि परत येणे

उघडी पडलेली माती पंधरा दिवसांत काँग्रेस गवताने भरते. तिला आधी त्याच परिसरातील गवताचे बी मिळाले पाहिजे. शेजारच्या चांगल्या माळावरून दिवाळीनंतर पिकलेल्या गवताचे भारे आणून साफ केलेल्या जागेवर पसरले तर बी आपोआप झडते, आणि पुढच्या पावसात चारा उभा राहतो. गुराख्यांना हे समजावून एक पावसाळा तेथे चराई बंद ठेवण्याची विनंती करावी. आमचा अनुभव असा की चारा मिळणार हे कळल्यावर ते स्वतःच राखण करतात. झुडपांसाठी करवंद, धायटी आणि निर्गुडी, ओढ्याच्या काठी करंज आणि जांभूळ लावावेत. दाट लागवड करण्याची घाई नको. जो माळ मूळचाच गवताळ आहे त्यावर झाडे लावण्याचीही गरज नाही.

पहिल्या वर्षी पावसाळ्यात दर महिन्याला आणि नंतर दिवाळीपूर्वी एकदा फेरी मारावी, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मृगात, गणपतीत आणि दिवाळीपूर्वी. फेरीला खुरपे पुरते, कारण वीतभर रोप हाताने निघते. पाहताना आधी मोठ्या झाडांच्या खाली, विजेच्या तारांखाली आणि कुंपणाच्या रेषेत पाहावे, कारण पक्षी तेथेच बसतात आणि घाणेरीची नवी रोपे तेथेच उगवतात. मग नव्याने मुरूम टाकलेली जागा आणि ओढ्याची वळणे पाहावीत. प्रत्येक फेरीला त्याच चार ठिकाणांवरून त्याच दिशेने छायाचित्र काढून तारीख लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी परवानगीचे नूतनीकरण मागताना अधिकारी हीच छायाचित्रे पाहतात. सलग दोन पावसाळे एकही फुललेले झुडूप सापडले नाही, की शेजारचा तुकडा हाती घ्यावा आणि जुन्या तुकड्याची फेरी वर्षातून एकदा, ऑक्टोबरमध्ये, चालू ठेवावी.